किंमत दिसते एका चलनात, पैसे कापले जातात दुसऱ्यातच

ऑनलाइन दुकानाच्या पानावर वर कोपऱ्यात चलन बदलायचा पर्याय असतो. तो निवडला की डॉलरचे आकडे युरोत येतात आणि ग्राहक निर्धास्त होतो. पण त्या पर्यायामागे दोन वेगळ्या व्यवस्था असू शकतात. एकीत किंमत ग्राहकाच्या चलनात नुसती दिसते, पैसे दुकानाच्या मूळ चलनातच कापले जातात. दुसरीत ज्या चलनात दिसते त्याच चलनात कापले जातात. पानावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात. त्यामुळे ग्राहक फसतातच, पण दुकान चालवणाऱ्यांनाही आपल्याकडे यातलं नेमकं काय चालू आहे हे पुष्कळदा ठाऊक नसतं.

आकडे मांडून बघू. वस्तू १०० डॉलरची आहे आणि दुकानाच्या प्लगिनने (वेबसाइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमने) एका डॉलरला ०.९२ युरो हा दर धरला आहे. पानावर ९२ युरो दिसतात. ग्राहक पैसे भरतो, पण गेटवेकडे, म्हणजे दुकानासाठी कार्डावरून पैसे घेणाऱ्या सेवेकडे, मागणी जाते ती १०० डॉलरची. त्याचे युरो किती हे आता दुकान ठरवत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं कार्डाचं जाळं आपल्या दराने ठरवतं. तो दर ०.९२५ निघाला तर ९२.५० युरो झाले. त्यावर कार्ड देणाऱ्या बँकेने परकीय चलनाचं २ टक्के शुल्क लावलं की स्टेटमेंटवर येतात ९४.३५. दुकानाने एक सेंटही जास्त घेतलेला नाही, तरी ग्राहकाच्या नजरेत पानावर एक आणि खिशातून दुसरंच.

खरा भडका उडतो तो रिफंडच्या वेळी. वस्तू परत आली, दुकानाने पूर्ण १०० डॉलर परत केले. तोवर दर ०.९१ वर आला असेल तर ग्राहकाच्या खात्यात ९१ युरो जमा होतात, आणि बँकेचं शुल्क बहुतेक वेळा परत मिळत नाही. ९४.३५ गेले, ९१ आले. ग्राहक लिहितो, ‘माझे ३.३५ युरो कापून घेतलेत.’ दुकान उत्तर देतं, ‘आम्ही सगळे पैसे परत केले.’ दोघंही खरं बोलत असतात, आणि म्हणूनच हा वाद मिटता मिटत नाही. माझ्या मते नुसत्या दाखवण्याच्या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे. दोन-तीन युरोंपेक्षा विश्वास महाग असतो.

दुसऱ्या व्यवस्थेत गेटवेकडेच ९२ युरोची मागणी जाते. ग्राहकाला ९२ दिसले, ९२ गेले, परत करताना ९२ आले. दराच्या चढउताराचा भार इथे दुकानावर येतो: युरोचे डॉलर करताना गेटवे आपलं शुल्क कापून घेतो आणि रिफंडपर्यंत दर फिरला तर तो फरकही दुकानाच्या माथी. म्हणून बरीच दुकानं दरात थोडी वाढ धरून किंमत लावतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण ग्राहकाला अंतिम आकडा आधीच कळलेला असतो. एक मात्र आहे: दुकानाचं खातं परदेशात असेल तर काही बँका ग्राहकाच्याच चलनातल्या व्यवहारावरही परदेशी व्यवहाराचं शुल्क लावतात. तिथे दुकानाचा इलाज चालत नाही.

दाखवण्यापुरतं रूपांतर म्हणजे एक गुणाकार. पैसेही त्याच चलनात कापायचे तर काम वाढतं. येनला व्यवहारात दशांश नाहीत, तर कुवेती दिनारला तीन दशांश स्थळं आहेत. बरेच गेटवे रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात मागतात: ५० डॉलरसाठी ५००० (सेंट). तीच सवय येनला लावून १०० ने गुणलं, तर ५,००० येनच्या ऑर्डरला ५,००,००० येन कापले जातील. हा प्रकार चाचणीत सापडला तर ठीक, नाहीतर एखाद्या ग्राहकाची कार्डाची मर्यादाच संपते.

चिन्हांची काळजी मात्र दोन्हीकडे घ्यावी लागते. $ हे चिन्ह अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर सगळीकडे चालतं. ¥ जपानी येनचंही आणि चिनी युआनचंही. किमतीशेजारी आयएसओ ४२१७ या चलनांच्या आंतरराष्ट्रीय मानकातला तीन अक्षरी कोड लिहिला की शंका उरत नाही. आणि पानांचं कॅशिंग (एकदा तयार झालेलं पान साठवून पुढच्यांना तेच दाखवणं) चालू असेल तर चलनानुसार वेगळी प्रत साठवली जाते ना, हे जरूर पाहा. नाहीतर जर्मनीतल्या ग्राहकासाठी तयार झालेलं पान जपानमधल्या ग्राहकापुढे युरोसकट जाऊन उभं राहतं.

आपल्या दुकानात कोणती व्यवस्था आहे हे सेटिंगच्या नावावरून ओळखू नका. ती नावं फार मोघम असतात. चलन बदला, एक खरी ऑर्डर टाका आणि गेटवेच्या नोंदीत रक्कम कोणत्या चलनात पडली ते वाचा. डॉलरची नोंद दिसली तर पानावरचे युरो निव्वळ दाखवण्यापुरते आहेत.

तसं निघालं आणि लगेच बदलणं शक्य नसलं तरी एक काम आजच करता येतं. पैसे भरायच्या बटणाला लागून, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नव्हे, लिहा: ‘युरोतली किंमत अंदाजे आहे. तुमच्या कार्डावर १०० अमेरिकन डॉलर आकारले जातील. बँकेचा दर आणि शुल्क वेगळं असू शकतं.’