क्रिएटिनिन १.०, पण कुणाचं?

रिपोर्टवर क्रिएटिनिन १.० दिसलं की घरचे निर्धास्त होतात: आजीची किडनी ठणठणीत! तसं असेलच असं नाही.

क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य. ते तयार होतं स्नायूंमध्ये आणि गाळलं जातं मूत्रपिंडात; म्हणून रक्तात ते वाढलं की किडनी मंदावली असं मानतात. उतारवयात स्नायू झडले की मुळात ते तयारच कमी होतं, त्यामुळे गाळण निम्म्यावर आली तरी रक्तातला आकडा फारसा हलत नाही. किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज देणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब करून पाहा. १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागा; स्त्री असेल तर ०.८५ ने गुणा. ३० वर्षांचा ७० किलोचा पुरुष, क्रिएटिनिन १.०: मिनिटाला १०७ मिलिलिटर. ८५ वर्षांची ४० किलोची आजी, क्रिएटिनिन तेवढंच: २६. अनेक औषधांचा डोस ३० च्या खाली कमी करावा लागतो, काही तर बंदच.

औषधाची चाचणी ज्यांच्यावर होते आणि नंतर ते जे घेतात, त्यांच्यातही असाच फरक असू शकतो. १९९९ची 'रेल्स' ही औषधचाचणी घ्या. हृदय निकामी होत चाललेल्या १६६३ रुग्णांत स्पायरोनोलॅक्टोन या औषधाने मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. सरासरी वय ६५, क्रिएटिनिन २.५च्या वर असलेल्यांना प्रवेश नव्हता. पहिले १२ आठवडे दर चार आठवड्यांनी रक्ततपासणी. हे औषध अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला (हार्मोनला) अडवतं, त्यामुळे पोटॅशियम लघवीतून कमी जातं. सोबत रक्तदाबाची 'प्रिल' गटातली (नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली) गोळी असेल तर आणखी कमी. पोटॅशियम फार चढलं की हृदयाचा ठोका बिघडतो.

निकाल छापून आला आणि कॅनडातल्या ओंटारियोत हे औषध धडाधड लिहिलं जाऊ लागलं. 'प्रिल' घेणाऱ्या वृद्ध हृदयरुग्णांत पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण १९९४मध्ये हजारी २.४ होतं, २००१मध्ये ११ झालं. औषध खोटं नव्हतं. चाचणीतला रुग्ण वेगळा होता आणि ती देखरेख बाहेर नव्हती. (जाता जाता: 'हृदयाला चांगलं' म्हणून विकल्या जाणाऱ्या लो-सोडियम मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. अशा रुग्णाने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.)

अशक्त वृद्धांना चाचणीत घेणं जमतं. त्यासाठी तपासणी घरी जाऊन करावी लागते, संमतीपत्र मोठ्या अक्षरांत आणि थोडक्यात द्यावं लागतं, सोबत येणाऱ्याचा प्रवासखर्च धरावा लागतो आणि मध्येच गळणारे रुग्ण गृहीत धरून सुरुवातीलाच संख्या वाढवावी लागते. नेदरलँड्समधल्या 'फ्रेल-एएफ' चाचणीत ७५ वर्षांवरचे, अशक्त, हृदयाचे ठोके अनियमित असलेले १३३० रुग्ण होते. सरासरी वय ८३. रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्यांवरून नव्या गोळ्यांवर नेलं तर रक्तस्राव घटेल, असा अनेकांचा कयास होता. घडलं उलटं: जुन्याच गोळ्या चालू ठेवलेल्यांत ९.४ टक्के, बदललेल्यांत १५.३ टक्के. धडधाकट रुग्णांवरच्या चाचण्यांतून हे कळलं नसतं.

मात्र या चाचणीनेही गाळण ३०च्या खाली असलेल्यांना वगळलं होतं. गाळणीचा हा अंदाजही सहसा क्रिएटिनिनवरूनच बांधतात. स्नायूंवर बरीच कमी अवलंबून असलेली सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी उपलब्ध आहे. औषधचाचणीत प्रवेश देताना दोन्ही तपासण्या केल्या तर कोण बाहेर राहतंय आणि कोण चुकून आत येतंय, हे बरंच स्पष्ट होईल.