तळघरातील होम थिएटर (गोवा)

तळघरातील होम थिएटर : घराच्या जमिनीखालच्या मजल्यावर चित्रपट पाहण्या-ऐकण्यासाठीच बांधलेली, आवाज बाहेर जाऊ न देणारी खोली. इतरत्र या विषयाची सुरुवात ध्वनिशास्त्रापासून होते. गोव्यात ती पाण्यापासून करावी लागते. किनारपट्टीवर वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यात सहज मुरते. खाजनालगतच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या खारट शेतजमिनीलगतच्या) सखल गावांत विहिरी काठोकाठ येतात तेव्हा तळघराच्या भिंतींवरही बाहेरून त्याच पाण्याचा दाब असतो. अशा जागी तळघर खोदायचा हट्ट धरू नये. डोंगरउतारावर तीन बाजू मातीत आणि एक उघडी असे अर्धे तळघर करता येते; पाण्याला उताराने वाट मिळते, शिवाय आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरा दरवाजाही ठेवता येतो.

जलरोधन माती परत भरण्याआधी भिंतीच्या बाहेरच्या अंगाने करायचे असते, आणि पायाशी पाणी वाहून नेणारा छिद्रांचा पाइप टाकायचा असतो. आतून दिलेला लेप ही दुय्यम सोय. भिंत कोरडी आहे की नाही हे मे महिन्यात कळत नाही. एक अख्खा पावसाळा ती उघडी ठेवून पाहावी आणि मगच आतल्या आवाज शोषणाऱ्या पॅनेलचे काम काढावे. घाई केली तर ग्लासवूल (काचतंतूंचा कापसासारखा थर) ओले होऊन खाली बसते, जिप्सम बोर्ड फुगतो आणि पॅनेलच्या कापडावर गणपती येईपर्यंत बुरशी धरते. पाणी उपसणारा पंप इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर असावा, कारण वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते.

आवाज अडवणे आणि आवाज शोषणे ही दोन वेगळी कामे आहेत. भिंतीला अंड्याचे ट्रे किंवा फोम चिकटवून शेजाऱ्याची झोप वाचत नाही. त्याने फक्त खोलीतला निनाद कमी होतो. आवाज अडतो तो वजनाने. भिंतीचे वजन दुप्पट केले की अडवणूक साधारण ५ ते ६ डेसिबलने वाढते. मातीत गाडलेल्या बाजूंना हे वजन फुकट मिळते, तळघराचा खरा फायदा तो हाच. अडचण डोक्यावर असते. वरच्या मजल्यावर कोणी पाट सरकवला किंवा चवथीच्या आरतीत घुमट (मातीच्या भांड्याचे चर्मवाद्य) घुमले, की तो हादरा काँक्रीटच्या स्लॅबमधून खाली उतरतो. तसाच सबवूफरचा, म्हणजे खालच्या स्वरांसाठीच्या स्पीकरचा, खर्ज वर चढतो. १५ सेंमी स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला ३६० किलोच्या आसपास असूनही खर्जाला ते अपुरे पडते. यावर उपाय खोलीत खोली बांधण्याचा : मूळ भिंतीपासून काही सेंमी सुटी चौकट, पोकळीत ग्लासवूल किंवा रॉकवूल, त्यावर ओल सोसणाऱ्या बोर्डचे दोन थर आणि रबरी किंवा स्प्रिंगच्या टेकूंवर टांगलेले छत. चौकट भिंतीला न टेकल्याने ओलीपासूनही बचाव होतो, म्हणजे एकाच फटीची दोन कामे. मात्र एखादा खिळा दोन्हींना जोडून गेला तरी हादऱ्याला पूल मिळतो; सुतारावर नजर ठेवावी लागते ती इथे.

हवेच्या फटी याहून घातक. भिंतीचा केवळ १ टक्का भाग उघडा राहिला तर भिंत कितीही जाड असो, अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. त्यामुळे भरीव दरवाजा, चौफेर रबरी पट्टी आणि उंबऱ्याशी खाली उतरणारी पट्टी हवीच. जांभ्याच्या चिऱ्याची उघडी भिंत दिसायला देखणी, पण तिच्या छिद्रांतून आवाज गळतो. जमिनीवर आलेल्या बाजूला तरी गिलावा करावा. खोली अशी बंद झाल्यावर ताज्या हवेची सोय वेगळी करावी लागते, कारण स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. ही हवा आतून अस्तर लावलेल्या, वळणे घेत जाणाऱ्या नळीतून आणतात.

खोलीचे माप पुढे बदलता येत नाही. ५ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ३४ हर्ट्झचा स्वर भिंतींमध्ये अडकून फुगतो, २.७ मीटर उंचीत ६४ हर्ट्झचा. लांबी, रुंदी, उंची सारखी असली किंवा एकमेकींच्या पटीत असली तर असे स्वर एकावर एक येतात, म्हणून घनाकृती डब्यासारखी खोली टाळतात. कोपऱ्यांत जाड शोषक बसवून आणि आसने मागच्या भिंतीला न टेकवता खर्ज आवरता येतो. १०० इंची पडद्याला आसन ३ मीटरवर ठेवले की पडद्याच्या रुंदीने डोळ्याशी होणारा कोन सुमारे ४० अंश होतो. पाच स्पीकरच्या मांडणीत पुढचे दोन मध्यरेषेपासून ३० अंशांवर, बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर आणि पाचवा समोर मधोमध.

निवासी भागात ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. मंजूर आराखड्यात तळघर कोणत्या वापरासाठी दाखवले आहे, हे खोदकामाआधीच पंचायत किंवा पालिका आणि नगरनियोजन खाते यांच्याकडे पाहून घ्यावे. गाड्या ठेवायला मंजूर झालेल्या जागेत थिएटर उभारले तर पुढे घर विकताना प्रश्न निघतो.