१९९ व्या क्रमांकाचा आत्मविश्वास

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायापेक्षा हाताचं काम जास्त असतं, आणि त्यातही सगळा डाव क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. चेंडू मिळाल्यावर तो फेकायला त्याच्यापाशी साधारण अडीच-तीन सेकंद असतात. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवं करायला धावत येतात आणि तेवढ्यात कोणता साथीदार मोकळा सुटेल हे त्याला ठरवायचं असतं.

टॉम ब्रेडी हे काम २३ हंगाम करत होता. सात वेळा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकून, वयाच्या ४५ व्या वर्षी, २०२३ मध्ये तो कायमचा निवृत्त झाला. पण २००० साली एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत, जिथे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात, त्याचा नंबर लागला तो थेट १९९ वा. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले होते. ४० यार्ड धावायला त्याने ५.२८ सेकंद घेतले होते, म्हणजे या खेळाच्या मानाने रखडतच. पहिल्या हंगामात त्याने तीन पास फेकले. त्यातला एक पोचला.

इथून पुढची कथा भाषणांमध्ये ठरलेली असते: त्याने स्वतःवर विश्वास ठेवला, घाम गाळला, जिंकला. मला त्या कथेपेक्षा मिशिगन विद्यापीठातला एक प्रसंग जास्त बोलका वाटतो. तिथे ब्रेडी राखीव खेळाडूंच्या रांगेत मागे होता. सरावात मला दोनदाच चेंडू फेकायला मिळतो, अशी तक्रार घेऊन तो खेळाडूंचे समुपदेशक ग्रेग हार्डन यांच्याकडे गेला. हार्डन यांनी ना पाठ थोपटली, ना प्रशिक्षकांकडे रदबदली केली. दोनदा मिळतंय ना, मग ते दोन जितके बिनचूक करता येतील तितके कर, एवढंच सांगितलं. ब्रेडीने तसं केलं. दोनाचे चार झाले, पुढे आणखी वाढले.

हार्डन यांचा सल्ला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांच्या सिद्धांताशी तंतोतंत जुळतो. १९७७ मध्ये त्यांनी ‘सेल्फ-एफिकसी’ ही कल्पना मांडली. ‘मी भारी आहे’ ही भावना म्हणजे सेल्फ-एफिकसी नव्हे. ‘हे ठरावीक काम मला जमेल’ असा माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज म्हणजे सेल्फ-एफिकसी. हा अंदाज चार गोष्टींवर बांधला जातो: स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं, इतरांचं प्रोत्साहन आणि त्या क्षणी धडधडणारं किंवा शांत असलेलं शरीर. यात सर्वांत वजनदार पहिली. प्रोत्साहनाची भाषणं त्या मानाने फार लंगडी. ती ऐकून चढलेलं अवसान पहिल्या अपयशाला उतरतं. (पालकांनी हे वाक्य दोनदा वाचायला हरकत नाही.)

मग मेहनत नेमकं काय घडवते? ब्रेडीचे पाय तर काही वेगवान झाले नाहीत. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंना पाच सेकंद पट दाखवून मोहरी आठवून मांडायला सांगितली. खऱ्या डावातली मांडणी असली की पट्टीचा खेळाडू नवशिक्याच्या कितीतरी पुढे. मोहरी वाटेल तशी विखुरली की हा फरक जवळपास पुसला जायचा. म्हणजे स्मरणशक्ती मुळात अफाट नव्हती. वर्षानुवर्षांच्या सरावाने ओळखीच्या रचनांचा साठा झाला होता. क्वार्टरबॅक तासन्‌तास सामन्यांच्या चित्रफिती पाहतो तो याचसाठी. बचावपटू कुठे उभा आहे, खांदा कुठे वळलाय, यावरून त्याला पुढचं दिसतं. जसा मुरलेल्या फलंदाजाला गोलंदाजाच्या मनगटातच चेंडू कळतो.

तरी ‘मेहनत केली की सगळं मिळतं’ हे काही खरं नाही. २०१६ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी खेळांवरच्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकापैकी सुमारे १८ टक्के फरकाचा संबंध सरावाशी जोडता आला. अव्वल खेळाडूंपुरतं पाहिलं तर जेमतेम १ टक्का. सराव निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. त्या पातळीवर घाम सगळ्यांनीच गाळलेला असतो. मग उंची, शरीराची ठेवण, संघ, प्रशिक्षक आणि नशीब यांचा हिशोब सुरू होतो. सप्टेंबर २००१ मध्ये ब्रेडीच्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला नसता, तर ब्रेडीला आणखी किती थांबावं लागलं असतं? २००० च्या त्या निवडीत २५४ खेळाडू होते. त्यातल्या बहुतेकांचा विश्वास आणि कष्ट ब्रेडीपेक्षा कमी होते, असं म्हणायला आपल्याकडे काहीच आधार नाही. फक्त त्यांच्यावर लेख लिहिले जात नाहीत.

आत्मविश्वास जितका जास्त तितका बरा, हेही तपासून पाहावं लागतं. २०१० मध्ये टिम वुडमन आणि सहकाऱ्यांनी दोरीवरच्या उड्यांत तरबेज असलेल्यांचा आत्मविश्वास मुद्दाम थोडा खाली आणला, तर त्यांची कामगिरी सुधारली. किंचित शंका असली की माणूस जास्त नेट लावतो, असा त्यांचा कयास.

शिवाय हा विश्वास कामागणिक वेगळा, हे बँड्युरांचं म्हणणं. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये ब्रेडीने तब्बल ५०५ यार्डांचे पास फेकले. त्याच सामन्यात एका डावात भूमिका उलटी झाली: साथीदाराने फेकलेला चेंडू ब्रेडीला झेलायचा होता. समोर कोणी नव्हतं. चेंडू बोटांना लागून खाली पडला, आणि पुढे त्याचा संघ ४१-३३ असा हरला.