बॅटरी बसली, पण कोणत्या अर्थाने?

'बॅटरी बसली' या शब्दांचे मराठीत दोन अर्थ होतात: ती खाचेत नीट बसली, किंवा ती कायमची बसली. नौपाड्यातल्या आमच्या घरी फर्निचरच्या कामावर आलेल्या मिस्त्रींच्या कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी पहिल्या अर्थाने बसली आणि महिनाभरात दुसऱ्या अर्थाने बसायच्या बेतात आली. ड्रिल जुने, १८ व्होल्टचे, मूळचे निकेल-कॅडमियम बॅटरीवरचे. सेल संपल्यावर त्यांनी एका दुरुस्तीवाल्याकडून त्याच खोक्यात नवे सेल भरून घेतले होते. "व्होल्ट तेवढेच, चार्जर तोच, मग काका, ही एवढी तापते कशाने?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता, व्होल्ट जुळले आणि खाचा जुळल्या की झाले, असेच बहुतेकांना वाटते.

व्होल्ट मात्र वेगवेगळ्या वाटांनी जुळतात. निकेल-कॅडमियम किंवा निकेल-मेटल हायड्राइडचा एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणून १८ व्होल्टांसाठी ते १५ लागतात. लिथियम-आयनचा सेल ३.६ व्होल्टचा, म्हणून ५ पुरतात. (जाहिरातीतले '२० व्होल्ट मॅक्स' म्हणजे नुकतेच चार्ज केलेले हेच ५ सेल, कामाला लावले की तेही १८ वरच येतात.) आता चार्जरच्या बाजूने पाहू. वीज आत ढकलणे हे त्याचे सोपे काम आहे. कधी थांबायचे हे ओळखणे अवघड, आणि ती ओळख सर्वस्वी सेलच्या रसायनावर अवलंबून असते.

निकेल-कॅडमियममधली ही ओळख फार सुंदर आहे. चार्जिंग चालू असताना येणारी वीज धन पट्टीवरील निकेलच्या संयुगाचे रूप बदलण्यात खर्च होते आणि सेल फारसा तापत नाही. धन पट्टी भरली की विजेला ते काम उरत नाही. मग ती द्रवातल्या हायड्रॉक्साइड आयनांपासून ऑक्सिजन मोकळा करू लागते. ऋण पट्टी मुद्दाम मोठ्या क्षमतेची ठेवलेली असल्यामुळे ती अजून भरलेली नसते, त्यामुळे तिच्यावर हायड्रोजन तयार होत नाही. उलट, मधल्या सच्छिद्र पडद्यातून पलीकडे गेलेला ऑक्सिजन तिथल्या कॅडमियमशी संयोग पावून पुन्हा हायड्रॉक्साइड होतो. म्हणजे बंद डबीत ऑक्सिजन एका पट्टीवर जन्मतो आणि दुसऱ्या पट्टीवर विरतो, साठत काहीच नाही, आणि आत येणारी जवळजवळ सगळी वीज उष्णता होते. सेल तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो. त्यामुळे तेवढाच प्रवाह चालू ठेवला, तर व्होल्टेज चढत चढत माथ्यावर जातो आणि मग प्रत्येक सेलमागे साधारण १० ते २० मिलिव्होल्टने खाली येतो. माळशेज घाटात धुक्यातून गाडी चढवताना माथा आल्याचे जसे उतार लागल्यावरच कळते, तसेच चार्जरचेही आहे: १५ सेलांच्या पॅकमध्ये १५० ते ३०० मिलिव्होल्टची ही घसरण दिसली की तो थांबतो. अभियंते तिला ऋण डेल्टा व्ही म्हणतात.

मिस्त्रींच्या खोक्यात दुरुस्तीवाल्याने निकेल-मेटल हायड्राइडचे सेल भरले होते. त्यांची क्षमता जास्त, पण त्यांची घसरण बरीच उथळ असते, आणि चार्ज होतानाच ते थोडे तापत असतात. जुन्या चार्जरला तो माथा दिसलाच नाही. अशा वेळी सावरण्यासाठी पॅकमध्ये थर्मिस्टर असतो. ज्वारीच्या दाण्याएवढा हा भाग सेलांच्या बेचक्यात चिकटवलेला असतो, आणि आत किती तापले आहे ते पॅकच्या बाहेरच्या तिसऱ्या संपर्कपट्टीतून चार्जरला कळवत असतो. आम्ही चार स्क्रू काढून खोके उघडले, तर थर्मिस्टरच्या जागी, त्याच्या दोन बारीक तारांना, एक साधा स्थिर रेझिस्टर डाग देऊन जोडलेला होता. आतले तापमान कितीही वाढले, तरी चार्जरला निरोप एकच: खोलीइतकेच आहे.

याच ड्रिलला अडॅप्टर लावून लिथियमचा पॅक बसवावा, असा सल्ला त्यांना दुसऱ्या कोणी दिला होता. लिथियम-आयनमध्ये असा माथा येतच नाही. त्याचा चार्जर प्रत्येक सेलला ४.२ व्होल्टपर्यंत, म्हणजे पॅकला २१ पर्यंत नेतो, तिथेच धरून ठेवतो आणि प्रवाह आपोआप आटला की थांबतो. निकेलचा चार्जर घसरणीच्या शोधात २२ व्होल्टच्याही वर जातो. त्याच्यावर लिथियमचा पॅक लावला आणि आतले संरक्षक सर्किट नसले किंवा बिघडले, तर पट्टीवर धातुरूप लिथियम साचू लागते आणि गोष्ट आगीपर्यंत जाऊ शकते. याउलट २१ व्होल्टवर अडून राहणाऱ्या लिथियमच्या चार्जरने निकेलचा पॅक अर्धवटच भरतो. शिवाय जुन्या ड्रिलला व्होल्टेज फार उतरल्यावर स्वतःहून बंद होण्याची सोय नसते. निकेलला ते चालून जाते. लिथियमचा सेल २.५ व्होल्टच्या खाली गेला की त्याचे कायमचे नुकसान होऊ लागते.

'मेमरी', म्हणजे बॅटरीला लागलेली अर्धवट वापराची सवय, घालवण्यासाठी ट्रिगरला चिकटपट्टी लावून ड्रिल पूर्ण थांबेपर्यंत फिरवत ठेवण्याचा एक विधी कारागिरांमध्ये श्रद्धेने पाळला जातो. मेमरीचा परिणाम खरा आहे, पण तो नेमक्या तेवढ्याच खोलीपर्यंत पुनःपुन्हा वापरलेल्या सेलांत दिसतो, आणि सुताराचे काम असे मोजून होत नाही. एका ओळीत जोडलेल्या १५ सेलांतला सर्वांत दुबळा आधी रिकामा होतो, उरलेले चौदा त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्याचे धन-ऋण उलटे होते, आणि विधीने वाचवायचा तोच सेल त्यात मरतो.

आम्ही दुसऱ्या एका जुन्या पॅकमधला थर्मिस्टर काढून या खोक्यात बसवला, वर पिवळी पट्टी गुंडाळली आणि चार्जर लावून मल्टीमीटर घेऊन समोर बसलो. मीटरवरचा आकडा बराच वेळ चढत राहिला, मग जागच्या जागी घुटमळू लागला. पावणेदोन तासांनी खोके हाताला चांगले कोमट लागत असताना लाल दिवा विझला आणि हिरवा लागला. मिस्त्रींनी पेन्सिलने खोक्यावर तारीख टाकली.