मुरुमावर टूथपेस्ट: गार वाटतं, पण मुरुम जात नाही

“रात्री मुरुमावर टूथपेस्टचा ठिपका लावा, सकाळी मुरुम गायब” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण लावताच गार वाटतं आणि सकाळी मुरुम सुकल्यासारखा दिसतो.

गारवा असतो पेस्टमधल्या मेन्थॉलचा, म्हणजे पुदिन्यातल्या थंडावा देणाऱ्या घटकाचा. त्वचेला थंडीचा नुसता भास. सुकवतं ते फेसासाठी घातलेलं सोडियम लॉरिल सल्फेट आणि दात घासणारी बारीक पूड, पण सुकते फक्त वरची त्वचा. मुरुम त्याखाली, तेल आणि मृत पेशींनी तुंबलेल्या छिद्रात असतो. वर मात्र आग होते, सालं निघतात आणि गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काळा डाग राहू शकतो. तो मुरुमापेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

पडताळायचं असेल तर खोक्यावरची घटकांची यादी वाचा. मग पुढचा मुरुम न फोडता, काहीही न लावता सोडा आणि तारीख लिहून ठेवा. लहान मुरुम बहुधा आठवड्याभरात आपोआप बसतो. श्रेय पेस्टला जातं!

खरा उपयोग होतो २.५ टक्के बेन्झॉयल पेरॉक्साइडचा, म्हणजे मुरुमावर लावायच्या औषधी जेलचा. पातळ थर पुरतो. उशीचा अभ्रा जुना घ्या, रंग उडतो. नवे मुरुम रोखायला ०.१ टक्के ॲडापलीन हे लावायचं औषध: रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, मुरुम येणाऱ्या सगळ्या भागाला. गरोदरपणात नको. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. बरेच जण दुसऱ्याच आठवड्यात त्वचा सोलवटली म्हणून थांबतात. थांबण्यापेक्षा एक दिवसाआड लावा. खोल, दुखऱ्या गाठी असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.