ओरडल्याने हिमस्खलन होतं का?

बर्फाळ डोंगरात मोठ्याने बोलू नका, आवाजाने हिमस्खलन होतं, असा इशारा वर्षानुवर्षं फिरतो आहे. पाठवणाऱ्याची काळजी खरी असते, कारण मात्र चुकीचं आहे.

हिमस्खलनाचा घातक प्रकार बहुधा असा घडतो. वर बर्फाचा एकसंध थर, आणि खाली साखरेसारख्या सुट्या दाण्यांचा कमकुवत थर दबलेला. तो मोडला की तडा झपाट्याने पसरतो आणि वरची अख्खी लादी घसरते. जोरदार आरोळीचा दाब जेमतेम काही पास्कल. थर मोडायला त्याच्या निदान शंभरपट लागतो. सुरुंगाने हिमस्खलन घडवतात हे खरं, पण तिथे काम करतो तो स्फोटाचा धक्का. अपघातात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत थर मोडणारा ताण त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने दिलेला असतो.

पडताळून पाहता येतं. जाणकारासोबत, सुरक्षित जागी ३० सेंटिमीटर लांब-रुंद बर्फाचा खांब चारही बाजूंनी मोकळा करा. वर फावड्याचं पातं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १०, मग खांद्यातून १० थापा मारा. खाली कमकुवत थर असेल तर खांब तिथूनच कापल्यासारखा सरकतो. शेजारी कितीही ओरडा, तो हलत नाही. (खांब टिकला म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, हेही खरं.)

लक्ष ठेवायचं ते ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, ताज्या हिमवर्षावावर, पायाखाली ‘धप्प’ आवाज करत खचणाऱ्या बर्फावर. तसं काही दिसलं तर सोबत्यांना मोठ्याने हाक मारून थांबवा.