मालगुजारीण वाडा सोडून का गेली नाही

गेल्या हिवाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडच्या एका गावात रात्रभराचं नाटक बघितलं. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, धान घरात आलं की मंडई (गावजत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि नाटकांचे दिवस सुरू होतात. वडशाहून नाटक कंपन्यांच्या गाड्या निघतात आणि रात्री वर गेलेला पडदा पहाटेच खाली येतो. त्या रात्रीची गोष्ट एका मालगुजाराच्या वाड्यातली होती. नवरा मारझोड करणारा नव्हता, नुसता बेपर्वा होता. मूल झालं नाही म्हणून त्यानं दुसरी केली, आणि थोरली वाड्यातच वाळत गेली. नेपथ्यात भिंतीवर १९४६ सालचं कॅलेंडर टांगलेलं होतं. तिसऱ्या अंकात माझ्या शेजारी सतरंजीवर बसलेल्या कॉलेजातल्या पोरीनं आईला विचारलं, "मंग ते निघून काऊन नाही जात वं माय?"

आई म्हणाली, "चूप बस, आयकू दे." त्या प्रश्नाचं उत्तर नाटकात नव्हतं. ते नाटकाच्या मागे, शंभर वर्षांच्या जमिनीत आणि कायद्यात आहे.

आधी मालगुजार कोण ते बघू. नागपूरच्या भोसल्यांच्या अमदानीत तो गावाचा सारा गोळा करून भरणारा मक्तेदार होता. गाव त्याच्या मालकीचं नव्हतं. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, दत्तकाचा हक्क नाकारून डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं, आणि पुढे १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी या मक्तेदारालाच गावाचा मालक करून टाकलं. त्याची घरची शेती ती सीर. पडीक, झुडपी, तलाव, सगळं त्याच्या नावानं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत आज ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो ते हेच, माजी मालगुजारी तलाव. वर्धा नदीपलीकडे वऱ्हाडात चाल वेगळी होती. तिथे रयतवारी होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जायचा, आणि वाडे देशमुख-देशपांड्यांचे, यवतमाळ-वणीकडे इजारदारांचे. सारा वसूल करण्याची पद्धत निराळी असली तरी वाड्याच्या आतला कारभार मात्र नदीच्या दोन्ही काठांना सारखाच होता.

एका पिढीत वसुलीदाराचे मालक झालेल्या घरांना त्या मालकीला शोभेल असं कुळही हवं झालं. ते दाखवायचं कशावर? दगडी जोतं आणि सागवानी खांब पैशानं मिळतात. कुळ दिसायचं ते सुनेवरून. ती बाहेर पडते का, आणि पडली तर पडदा बांधलेल्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून का. परक्या पुरुषासमोर येते का. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे तिच्या घरात पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, लागतो का.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख या पाटात आहे, म्हणून इथे जरा थांबतो. त्याच वाड्याच्या सांदवाडीत भांडी घासणाऱ्या, शेण सारवणाऱ्या बाईचा नवरा नालायक निघाला तर तिला वाट होती. पंच बसायचे, काडी मोडली जायची म्हणजे लग्न तुटायचं, देणंघेणं ठरायचं, आणि ती दुसऱ्याशी पाट लावून मोकळी व्हायची. पाटाला लग्नाचा थाट नसे. बहुतेक ठिकाणी तो रात्रीचा, चार माणसांत लागायचा, आणि पहिल्या लग्नाची सर त्याला कधी आली नाही. त्या बाईचं जगणं सुखाचं होतं असंही नाही. काडीमोडीनंतर पोरं कुणाची, दागिने कुणाचे, यावरून तिचे हाल व्हायचेच. पण दार होतं. कुणबी, माळी, तेली, ढिवर, महार, कितीतरी समाजांत ही रीत रुळलेली होती, आणि इंग्रजी कोर्टंही जातीची रूढी म्हणून ती मान्य करायची.

घर वर चढलं की पहिल्यांदा हे दार बुजवलं जायचं. "आमच्यात पाट लागत नाही" हे वाक्य देशमुखांच्या, पाटलांच्या घरात किती अभिमानानं बोललं जायचं, ते मी माझ्या लहानपणीसुद्धा ऐकलं आहे. ज्या कुणब्याच्या घरात आजीचा पाट झाला होता, त्याच घरात नातसुनेला ती मुभा उरली नाही, कारण मधल्या काळात घरात गावं आली होती. म्हणजे वाड्यानं तिला पुतळ्या, गोठ, पाटल्या दिल्या आणि मोलकरणीपाशी होती ती एक गोष्ट काढून घेतली. तिसऱ्या अंकात थोरली रडते तेव्हा तिला लुगडं नेसवणारी दासी मुकाट उभी असते. त्या दोघींमधल्या या फरकावर नाटकात एखादा संवाद असायला हवा होता.

हे कुणाला तेव्हा दिसलं नव्हतं असं नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापली. त्या स्वतः मराठा घरातल्या. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत, सत्यशोधक विचारांचे. विधवेला दुसरं लग्न बंद ही रीत ताराबाईंनी आपल्याच लोकांत जवळून पाहिलेली. बायको मेली की पुरुष दुसरी आणतो, मग नवरा मेल्यावर बाईनंच असं काय केलं, हा त्यांचा सवाल. भाषा अशी सणसणीत की पुस्तकावर गहजब झाला. जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ताराबाईंनी नंतर काही छापलं नाही, आणि पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा लोकांसमोर आणलं. वऱ्हाडातल्या एका बाईनं हे इतक्या आधी लिहून ठेवलं होतं, याचा मला फार अभिमान आहे, आणि आपल्याकडच्या वाड्याच्या नाटकांत तिची सावलीसुद्धा दिसत नाही याचं तितकंच वाईट वाटतं.

आता कायदा. मालगुजारीण निघून गेली असती तर नवरा कोर्टात जाऊन तिला परत मागू शकला असता. मुंबईच्या रखमाबाईंच्या खटल्यात १८८७ साली नेमकं हेच झालं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि नंतर त्या डॉक्टर झाल्या. नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात घालायची ही तरतूद रद्द व्हायला मात्र १९२३ उजाडलं.

आणि गेली तर खायचं काय? हक्काचं म्हणावं असं तिच्याजवळ फक्त स्त्रीधन. त्यालाही शास्त्रानं फट ठेवली होती, अडचणीच्या वेळी नवरा ते वापरू शकत होता. १९३७ साली विधवेला मुलाइतका वाटा देणारा कायदा झाला, पण तो फक्त तिच्या हयातीपुरता. शिवाय १९४१ साली फेडरल कोर्टानं सांगितलं की तो शेतजमिनीला लागू नाही, त्यासाठी प्रांतांनी आपापले कायदे करावेत. आता ज्या घरची सगळी दौलत सीर आणि धानाच्या बांध्या, त्या घरच्या बाईला शेतजमीन वगळून काय मिळायचं? आणि हे सगळं नवरा मेल्यावर. तो जिवंत असताना काहीच नाही.

मग कॅलेंडरवरचं १९४६ येतं. लेखकानं ते जाणून निवडलं की सहज, कोण जाणे, पण साल नेमकं आहे. त्याच वर्षी कायदा झाला की नवऱ्यानं दुसरी केली, छळ केला किंवा टाकलं, तर हिंदू बाईला वेगळं राहून खावटी, म्हणजे पोटगी, मागता येईल. म्हणजे नाटकातल्या थोरलीला कागदावर हक्क मिळाला होता. पण दावा लावायला चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, कोर्टापर्यंत जायचं. दमणी नवऱ्याची, गाडीवान नवऱ्याचा. वकिलाला पैसे कुठून? साक्षीला कोण? सगळं गाव त्याचं कूळ. पुढच्या हंगामाला जमीन कसायची असेल तर कोण मालगुजाराविरुद्ध तोंड उघडणार? आणि एवढं करून जिंकलीच, तरी लग्न तुटत नव्हतंच. आयुष्यभर त्याचीच बायको, फक्त दुसऱ्या छपराखाली.

म्हणून तिच्यासाठी उरायचं ते माहेर, आणि तेही भाऊ-भावजय ठेवतील तोवर. नाहीतर वाड्यातलीच मागची खोली, वेगळी चूल. काही जणी महानुभावांच्या मठात गेल्या. त्या पंथानं तेराव्या शतकापासून बायकांना संन्यास दिला आहे, आणि रिद्धपूर तर आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं. काहींनी विहीर जवळ केली. भुलाबाईच्या गाण्यांत माहेरी जायची परवानगी मागणारी सून सासू, नणंद, दीर अशी एकेकाच्या दारात फिरते आणि जो तो तिला पुढच्याकडे पाठवतो. आपल्या पोरी ती गाणी टाळ्या वाजवत म्हणतात. वाड्यात हे खरंच असंच चालायचं.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली. गावं, तलाव सरकारजमा झाले, वाड्याकडे घरची शेती राहिली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. मग त्या बिलाचे तुकडे एकेक करून मंजूर झाले. १८ मे १९५५ पासून विवाह कायदा: दुसरी बायको बंद, आणि घटस्फोट सगळ्यांना खुला. गंमत अशी की त्या कायद्यानं जातीतली काडीमोडही मोडीत काढली नाही, ती रूढी होती तिथे तशीच चालू ठेवली. जून १९५६ मध्ये वारसा कायदा आला आणि विधवेचा हयातीपुरता हिस्सा पूर्ण मालकीचा झाला.

वाड्याची गावं आधी गेली आणि वाड्यातल्या बाईचं दार त्यानंतर चार वर्षांनी उघडलं. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून मोजलं तर थोरलीला अजून नऊ वर्षं काढायची होती. तोवर तिचं वय किती झालं असतं आणि माहेरी कोण उरलं असतं, हे त्या पोरीला सांगायचं राहून गेलं. पहाटे पडदा पडला तेव्हा ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.